उरलेलं पाणी

पार्वतीबाईंच्या दारात भर उन्हाळ्यात पाहुणी येऊन बसली होती आणि तिला पाणी विचारायचं नाही, असा नातीचा सक्त हुकूम होता. पार्वतीबाई म्हणजे नागपूरच्या इंदोऱ्यातल्या त्या गल्लीत गेली चाळीसएक वर्षं रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून पाणी पाजणारी बाई. हा हुकूम दुसऱ्या कोणाला दिला असता तर निभला असता.

पाहुणी म्हणजे पाच कुंड्यांतली पाच झुडपं. वीतभर उंचीची, सुतळीएवढ्या काड्यांची, आणि पानं म्हणाल तर जिऱ्याच्या दाण्याएवढी. त्यांचं पुस्तकातलं नाव फुमाना. स्पेनच्या दक्षिणेला, समुद्राकडे उतरणाऱ्या दगडाळ, रखरखीत टेकड्यांवर ही झुडपं आपली आपण उगवतात. तिथे त्यांना कोणी विचारत नाही आणि त्यांचंही कोणावाचून अडत नाही. पार्वतीबाईंची नात प्रीती वनस्पतिशास्त्रात पीएचडी करत होती. शिष्यवृत्तीवर काही महिने तिकडे राहून आली, येताना रीतसर परवानगी काढून चिमूटभर बी आणलं आणि त्यातून ही पाच रोपं तिने वाढवली. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत त्यांना फुलं आली. पिवळीधमक, अंगठ्याच्या नखाएवढी. सकाळी उघडायची आणि दुपारच्या जेवणाआधी पाकळ्या गाळून मोकळी व्हायची. एवढी घाई कशाची, ते पार्वतीबाईंना काही कळलं नाही. पण गळालेल्या पाकळ्या त्या वाटीत वेचायच्या आणि आतल्या खोलीत बुद्धमूर्तीपुढे ठेवायच्या. गल्लीत त्या झाडांना सगळे ‘स्पेनवाली’ म्हणत. पार्वतीबाई मात्र ‘पाहुणी’ म्हणायच्या, पाचांना मिळून एकच.

एप्रिल लागला तशी पाहुणी राखाडी पडू लागली. पानं आक्रसली, काड्या खराट्यासारख्या दिसायला लागल्या. पार्वतीबाईंचा जीव कासावीस झाला, तर प्रीती खूश. पाहुणीच्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो, म्हणून उन्हाळ्यात हे झाड झोपतं, असं तिने समजावलं. झोपेत आणि उकाड्यात पाणी मिळालं की मुळं कुजतात. नागपूरचा उन्हाळा झोपून काढणं त्याला जमतं का, एवढंच प्रीतीला पाहायचं होतं. तिचं सगळं काम त्याच्यावरच उभं होतं. कॉलेजातल्या काचघरात तिने आधी दहा-बारा रोपं ठेवून पाहिली होती, पण तिथला माळी मोठा कर्तव्यदक्ष. रोज सकाळी पाइप घेऊन सरसकट सगळ्यांना आंघोळ घालायचा. तिथली सगळी गेली, घरची ही पाच राहिली. आणि नेमकं मे महिन्यात तिला प्रशिक्षणासाठी डेहराडूनला जावं लागत होतं.

“आजी, मी येईपर्यंत याले एक थेंब पाणी द्याचं नाही,” बॅग भरता भरता ती म्हणाली.

“एकही?”

“एकही नाही. सुकल्यासारखे दिसतीन, मेल्यासारखे दिसतीन. तरी नाही.”

“अन् खरंच मेले तं?”

“पाण्यानं मरतीन वं आजी, बिनपाण्यानं नाही. हे पाच वाचले तं माझं काम पुढं जाईन. नाही तं हे अख्खं वर्ष गेलं समज. मंग मले सगळं पहिल्यापासून करा लागते.”

पार्वतीबाईंनी हो म्हटलं. नातीसाठी त्यांनी याहून अवघड गोष्टींनाही हो म्हटलं असतं. निदान तेव्हा तरी त्यांना तसं वाटलं.

आता त्या दाराबद्दल सांगितलं पाहिजे. घराच्या फाटकाजवळ, भिंतीला लागून, विटांचा एक कट्टा आहे. त्याच्यावर रांजण, रांजणाला ओलं गोणपाट, वर झाकण आणि झाकणावर दोन पेले. हा कट्टा पार्वतीबाईंच्या नवऱ्याने, धोंडबाने, स्वतः बांधला. गिरणीतल्या नोकरीवर घर उभं केलं तेव्हा दाराची चौकट बसायच्या आधी त्याने हा कट्टा बांधून घेतला होता. लोक हसले. धोंडबाची आई लहानपणी गावच्या विहिरीपासून लांब उभी राहायची, कोणी वरून ओतलं तर घागर भरायची, नाहीतर तशीच परतायची. मूठभर मुलगी होती, पण घागर पुढे केली की वरून आवाज यायचा, हात मागं घे. ही गोष्ट धोंडबाला पाठ होती. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून तो नागपूरला दीक्षेला आला होता. तिथलं त्याला फारसं आठवत नव्हतं, गर्दी आणि बापाचा घामेजलेला शर्ट तेवढा आठवायचा. पण मोठं झाल्यावर त्याने आपल्या दाराचे दोन नियम केले. आलेल्याला कोण, कुठला, विचारायचं नाही आणि वरून ओतायचं नाही, पेला हातात द्यायचा. हा पहिला. पेल्यात उरलेलं पाणी रस्त्यावर फेकायचं नाही, भिंतीजवळच्या झाडाला घालायचं. हा दुसरा.

धोंडबा जाऊन बरीच वर्षं झाली, नियम राहिले. कळमन्याच्या बाजारातून आंबे नाहीतर कांदे घेऊन येणारे हातगाडीवाले, ई-रिक्षावाले, पार्सलं पोचवणारी पोरं, मीटर पाहायला येणारा माणूस, सगळ्यांना सवय झाली होती. पाणी प्यायचं, मनगट फिरवायचं, उरलेलं मोगऱ्याला नाहीतर कढीपत्त्याला घालायचं आणि पेला झाकणावर पालथा ठेवायचा. पार्वतीबाईंचा मोगरा त्यामुळे मे महिन्यातही असा फुलायचा की बाया विचारायच्या, खत कोणतं घालता.

निघायच्या आदल्या दिवशी प्रीतीने आपल्या पाच कुंड्या ठेवल्या त्या नेमक्या त्या भिंतीजवळ. दुसरी जागाच नव्हती म्हणा. गच्चीवर पत्र्याचं शेड होतं, मागे अंगणात दोन कूलरचं पाणी गळत होतं, दिवसभर कडक ऊन फक्त फाटकापाशी. पोरगी स्पेनमधल्या डोंगरांचा दगड न् दगड सांगायची, पण ज्या दारात ती लहानाची मोठी झाली तिथे माणसं उरलेलं पाणी काय करतात, हे तिच्या ध्यानात आलं नाही. रोजचंच ते, कोणाच्या ध्यानात येणार.

ती गेली त्याच दुपारी एक आंबेवाला थांबला, गटागटा प्यायला आणि मनगट फिरवू लागला. पार्वतीबाई दारातल्या खाटेवरून ओरडल्या, “तिथं नोको बाबा, मोगऱ्याले टाक.” त्याने मोगऱ्याला टाकलं. दुसरा आला, त्यालाही सांगितलं. तिसऱ्याच्या वेळी त्या आत भाकरी टाकत होत्या. बाहेर आल्या तर एका कुंडीतल्या खड्यांवर ओल दिसली. त्या पदराच्या टोकाने खडे टिपत बसल्या. सत्तरी ओलांडलेली बाई उन्हात कुंडी पुसते आहे, हे गल्लीने पाहिलं आणि गल्ली काळजीत पडली.

मग त्यांनी मोगरा पुढे आणला आणि पाहुणीला त्याच्या मागे लपवलं. त्याचा उलटाच परिणाम झाला. मोगरा हिरवागार, मागे बिचारी काडी वाळलेली, हे पाहून माणसं मुद्दाम हात लांब करून मागच्या कुंडीत पाणी घालायला लागली. शेजारच्या बाया तर सरळ बोलल्याच, “पार्वताबाई, साऱ्या दुनियेले पाजता अन् घरच्या झाडाले काहून तरसावता?” पार्वतीबाईंनी स्पेन, हिवाळ्यातला पाऊस, झोप, सगळं सांगून पाहिलं. बाया हो हो म्हणाल्या आणि प्रीतीच्या शिक्षणाने म्हातारीचं डोकं फिरलं, असं आपापसांत ठरवून टाकलं.

शेवटी त्या सकाळपासून खाटेवर पहारा द्यायला लागल्या. उन्हाने डोकं ठणकायचं, त्यात प्रत्येकाला तेच तेच सांगायचं, त्यामुळे आवाज चढत गेला. आठवडाभरात त्या गल्लीत खेकसणारी म्हातारी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या असत्या. त्याच्या आतच एक पार्सलवाला पोरगा आला.

विशीबाविशीचा असेल. पाठीवर मोठी चौकोनी पिशवी, तोंडाला रुमाल. गाडी चालूच ठेवून तो उतरला, पाणी प्यायला आणि पेला घेऊन कुंड्यांकडे वळला. पार्वतीबाईंचा नुकताच डोळा लागला होता. जागच्या जागी दचकून त्या जोरात ओरडल्या, “ए, हात मागं घे!”

पोरगा थिजला. त्याने हात मागे घेतला, दोन पावलं मागे सरला, मग वाकून पेला कट्ट्याच्या अगदी कडेला ठेवला, कशाला शिवणार नाही असा. “चुकलं आजी,” तो खाली पाहत म्हणाला, “मले माहीत नव्हतं.” पार्वतीबाई उठून फाटकापर्यंत जाईपर्यंत त्याने गाडी वळवली होती. त्यांनी हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही.

त्या तशाच उभ्या राहिल्या. कोण होता, कुठला होता, कोणाचा होता, काही माहीत नाही. पण त्याने पेला ज्या रीतीने ठेवला ती रीत कोणीतरी त्याला शिकवलेली होती, हे त्यांना पक्कं कळलं. आणि जे शब्द त्यांच्या तोंडून निघाले ते त्यांच्या सासूने विहिरीवर ऐकलेले शब्द होते, अगदी तेच. पार्वतीबाईंना स्वतःची लाज वाटली. संध्याकाळी मुलगा अश्विन कामावरून आला तर त्या न जेवता बसलेल्या.

“काय झालं, माय?”

“या दारात पाण्याचा हात मी अडवला, अश्विन. आता नाही अडवणार. झाडं दुसरीकडं नेऊन ठेव.”

“पण कुठं?”

प्रश्न बरोबर होता. पार्वतीबाईंनी मनातल्या मनात सगळी गल्ली फिरून पाहिली. शेजारच्या दमयंतीकडे ठेवली तर ती मायेने घालेल. भिक्खूंच्या विहारात ठेवली तर उपासिका पुण्यासाठी घालतील. शाळेत पोरं गंमत म्हणून घालतील. पाणी कोणाला देणार नाही असं घर हवं होतं. पार्वतीबाईंनी मान वर केली आणि रस्त्यापलीकडे पाहिलं.

पलीकडे चंपतरावांचं किराणा दुकान. माणूस मूळचा भिवापूरकडचा. दुकानाबाहेर भिवापुरी मिरचीची पोती, आत थंड बाटल्यांचा मोठा फ्रीज, आणि फ्रीजच्या बाजूला खुर्चीत स्वतः चंपतराव. कोणी पाणी मागितलं की ते बोट करून फ्रीज दाखवायचे. त्याच्याकडे पैसे नसले तर तेच बोट वळवून रस्त्यापलीकडचा रांजण दाखवायचे. पाण्याच्या बाबतीत त्यांचा परोपकार एवढाच. समोरासमोर राहून तीस वर्षं झाली, पण चंपतरावांनी पार्वतीबाईंच्या रांजणाचं पाणी कधी तोंडाला लावलं नव्हतं. जातीमुळे की धंद्यामुळे, हे पार्वतीबाईंनी ठरवलं नव्हतं. ठरवून करायचं काय, म्हणून. नवीन दुकान झालं तेव्हा धोंडबा एकदा स्वतः पेला भरून घेऊन गेला होता. “आताच पेलो,” असं उत्तर आलं. धोंडबा हसत परत आला आणि म्हणाला, “त्याले तहानच लागत नाही.” त्यानंतर दोन्ही घरांत तेल-मिठापुरतं बोलणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वतीबाई दुकानात गेल्या. साखर, चहापत्ती काही न मागता त्या सरळ मुद्द्यावर आल्या.

“चंपतराव, आमच्या प्रीतीच्या पाच कुंड्या तुमच्या स्लॅबवर ठेवाच्या होत्या. महिनाभर.”

“माह्या स्लॅबवर? काहून?”

“त्याले पाणी द्याचं नाही. अन् तुमच्याकडं पाणी कोणाले भेटत नाही.”

दुसरा कोणी असता तर भांडला असता. चंपतरावांनी यावर नीट विचार केला. खोटं काहीच नव्हतं त्यात.

“हे बरोबर हाये,” ते म्हणाले. “पण मले करा काय लागते?”

“काहीच नाही. आजवर जे केलं तेच करा.”

फुकटात होणारं काम होतं, चंपतराव तयार झाले. अश्विनने दुकानामागच्या लोखंडी शिडीने पाचही कुंड्या वर चढवल्या. पार्वतीबाईंना खाटेवरून कुंड्यांच्या नुसत्या कडा दिसायच्या. त्यांना हायसं वाटलं. आता दारात कोणी कुठेही पाणी ओतलं तरी त्यांची हरकत नव्हती. तो पार्सलवाला पोरगा पुन्हा दिसेल म्हणून त्या प्रत्येक चौकोनी पिशवीकडे पाहायच्या, तो मात्र दिसला नाही.

रोज सकाळी त्या रस्त्याच्या अलीकडून विचारायच्या, “कशी हाये पाहुणी?” आणि चंपतराव पलीकडून सांगायचे, “हाये.” फोनवर प्रीतीने विचारलं तेव्हा पार्वतीबाईंनी नुसतं “एक थेंब नाही,” एवढं सांगितलं. बाकीचं ती आल्यावर सांगायचं ठरवलं. आपल्या या युक्तीचा त्यांना थोडा गर्व झाला होता.

मग नवतपा लागला. नागपुरात हे नऊ दिवस कसे असतात ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी काढले त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना खरं वाटत नाही. त्यातल्या एका दुपारी गल्लीच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. कूलर बंद, पंखे बंद. चंपतरावांचा फ्रीज बंद पडला आणि त्यातल्या बाटल्या तासाभरात चहासारख्या झाल्या. गिऱ्हाईक नव्हतं. पार्वतीबाईंनी पाहिलं तर चंपतराव दुकानाच्या पायरीवर येऊन बसले होते, डोकं दोन्ही हातांत, आणि अंग एका बाजूला कलत होतं.

पार्वतीबाईंनी रांजणातून पेला भरला, पायात चप्पल आहे की नाही तेही न पाहता रस्ता ओलांडला आणि पेला पुढे केला. चंपतरावांनी वर पाहिलं, मग पेल्याकडे पाहिलं. आताही हा माणूस “आताच पेलो” म्हणाला तर पेला त्याच्या डोक्यावर रिकामा करायचा, एवढं पार्वतीबाईंनी ठरवलं होतं. त्याच्या प्रकृतीलाही ते बरंच पडलं असतं.

चंपतरावांनी पेला हातात घेतला आणि एका दमात संपवला. “आणखी,” ते म्हणाले. पार्वतीबाईंनी दुसरा आणला. हा मात्र ते सावकाश, डोळे मिटून प्यायले, अर्ध्यावर थांबले आणि पेला तसाच हातात धरून बसले.

“गोड हाये,” बऱ्याच वेळाने ते म्हणाले.

“नळाचंच हाये. मातीनं लागते गोड.”

त्या दिवसापासून चंपतराव रोज दुपारी येऊ लागले. आधी दोन्हीकडे पाहून रस्ता ओलांडायचे, रांजणाशी उभं राहून अर्धा पेला प्यायचे आणि उरलेला अर्धा सांडू न देता दुकानाकडे घेऊन जायचे. थोड्या वेळाने धुतलेला पेला परत आणून पालथा ठेवायचे. आपण इथलं पाणी पितो हे जास्त वेळ लोकांना दिसू नये म्हणून उरलेलं ते आत जाऊन पीत असतील, असं पार्वतीबाईंना वाटलं. वाटलं आणि त्यांनी ते सोडून दिलं. तीस वर्षांनी माणूस रस्ता ओलांडून आला होता, त्याला पेला कुठे नेतोस म्हणून कोण विचारणार. धोंडबाच्या फोटोसमोर उभं राहून त्या म्हणाल्या, “अहो, त्याले लागते तहान.” त्यांना इतका आनंद झाला होता की दोन दिवस पाहुणीची चौकशी करायचीसुद्धा राहून गेली.

जूनच्या सुरुवातीला प्रीती परत आली. पाऊस अजून लांब होता. रिक्षातून उतरल्या उतरल्या तिने भिंतीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“आजी, झाडं कुठं हायेत?”

पार्वतीबाईंनी तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. पार्सलवाल्या पोराचंही सांगितलं. चंपतरावांचं नाव आलं तेव्हा प्रीती मोठ्याने हसली.

“तू तं कमाल केली आजी. अख्ख्या नागपुरात यापेक्षा चांगली जागा मलेही नसती भेटली.”

दोघी पलीकडे गेल्या. चंपतराव जणू वाटच पाहत होते. ‘ये बेटा, ये,’ करत ते स्वतः शिडीपर्यंत आले. प्रीती भराभर वर चढली. पार्वतीबाई खाली शिडी धरून उभ्या राहिल्या.

वरून काहीच आवाज येईना. मग कुंडीतले खडे हलवल्याचा आवाज आला, पुन्हा शांत, पुन्हा खडे. प्रीती स्लॅबच्या कडेला आली तेव्हा तिच्या हातात एक झुडूप होतं. ते ओढून काढावं लागलं नव्हतं, नुसतं उचलल्याबरोबर हातात आलं होतं. मुळं काळी पडली होती आणि त्यांना नाल्यासारखा वास येत होता.

“याले पाणी कोणी देल्लं?” तिने विचारलं.

“मी,” चंपतराव म्हणाले.

त्यांनी ते अगदी सहज आणि अभिमानाने सांगितलं.

“देऊ नोका म्हणाल्या होत्या बाई, ते ध्यानात होतं मले,” चंपतराव सांगू लागले. “पंधरा दिवस नाही देल्लं. वर गेलो तरी पाहत नव्हतो तिकडं. मंग त्या दिवशी माहीच हालत तशी झाली. तहानेनं जीव कसा होते ते पायरीवर समजलं. त्यानंतर वर गेलो अन् पाहवलं नाही. तुमच्याकडची रीतच हाये ना, उरलेलं झाडाले द्याची. म्हणून मी रोज अर्धाच गिलास प्यायचो.” त्यांनी मान वर करून प्रीतीकडे पाहिलं. “हिरवे कोंब फुटले होते मंधात. खरं सांगतो. पाचही कुंड्यांत. आता पुन्हा चूप झाली. मेली तं नाही?”

पार्वतीबाईंना आतून कोणीतरी दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखं झालं. वर नातीचं वर्ष तिच्या हातात कुजून पडलं होतं. खाली एक पासष्टीचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी पाणी देऊन उभा होता आणि चांगलं केलं म्हणा, म्हणून वाट पाहत होता. त्यांना प्रीतीसाठी रडू येत होतं आणि त्याच वेळी त्यांना आनंद झाला होता. त्या आनंदाची त्यांना लाज वाटत होती, पण तो जात नव्हता. त्यांनी वर पाहिलं. काही खुणावलं नाही, नुसतं पाहिलं.

प्रीतीने आजीचा चेहरा पाहिला. हातातलं झुडूप तिने हळूच मागे नेलं.

“नाही काका,” ती म्हणाली. “झोपली हायेत.”

“मंग देत राहू?”

प्रीतीने मागे वळून हातातलं झुडूप पुन्हा त्याच्या कुंडीत रोवलं. “द्या,” ती म्हणाली.

घरी आल्यावर मात्र ती आतल्या खोलीत जाऊन रडली आणि बाहेर येऊन भांडलीसुद्धा. “माझं वर्ष गेलं, आजी. मी सरांले काय सांगू? माझ्या आजीनं अख्खी गल्ली बिघडवून ठेवली म्हणून सांगू?” पार्वतीबाई ऐकून घेत होत्या. वर्ष गेलं होतं खरंच. दोन वेळा त्या “गेलं बेटा,” एवढंच म्हणाल्या. पोरगी दमली तेव्हा त्यांनी तिच्यापुढे ताट ठेवलं आणि ती जेवेपर्यंत जवळ बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रीती दारातल्या खाटेवर येऊन बसली. डोळे सुजलेले होते, पण आवाज ठीक होता.

“बी हाये थोडं,” ती म्हणाली. “डबीत ठेवलं होतं. थंडीत पुन्हा पेरतो. एक वर्ष मागं पडीन, बस.”

“पेर,” पार्वतीबाई म्हणाल्या.

“पण पुढच्या उन्हाळ्यात ठेवू कुठं, ते सांग. तुझ्या दारात नाही. कॉलेजात नाही. पाणी कोणीच देणार नाही असं घर पाहा लागते.”

पार्वतीबाईंनी विचार केला. समोर चंपतराव नेहमीप्रमाणे रांजणाशी अर्धा पेला पिऊन परत निघाले होते. पेला दोन्ही हातांत धरून त्यांनी रस्ता ओलांडला, दुकानामागे गेले आणि जपून, एक एक पायरी, शिडी चढू लागले. वर पाच कुंड्यांत पाच मेलेल्या काड्या उभ्या होत्या. चंपतराव प्रत्येकीशी वाकले.

“सांग ना आजी,” प्रीती म्हणाली.

पार्वतीबाईंनी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा एकदा मनात फिरून पाहिली. आता तिथे तसं एकही घर उरलं नव्हतं.